इंच वाढवण्याआधी बेरीज करा

महोदय,

वळणावर गाडी घट्ट हवी असेल तर मोठी चाके आणि रुंद टायर बसवा, अशा आशयाचा सल्ला आपल्या पुरवणीत वाचला. तीन वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते, म्हणून हे पत्र.

माझ्या गाडीला मुळात १८५/६५ आर १५ टायर होते. रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, पण हे ६५ कशाचे, ते गाडी घेऊन सहा वर्षे झाली तरी मला ठाऊक नव्हते. दुकानदाराने २०५/४५ आर १७ सुचवले. गाडी दिसायला झकास झाली, स्टिअरिंग जरा फिरवले की नाक लगेच वळू लागले. ही करामत इंचांची नाही, बुटक्या साइडवॉलची. उंच साइडवॉल वळणावर आधी आडवी लवते, मग गाडी वळते. माझी १२० मिलिमीटरवरून ९२ वर आली होती, लवणार किती? पण खड्ड्याचा दणका सोसायचा तोही तिनेच. दोन महिन्यांत पुढची डावी रिम वाकली आणि टायरला फुगा आला. खडबडीत वळणावर तर चाक उड्याच मारायचे, आणि हवेतल्या चाकाला पकड कुठली?

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर, हाही असाच एक समज. हवेचा दाब तोच असेल तर टेकणारे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, कारण गाडीचे वजन तेच असते. बदलतो तो आकार: रुंदीला वाढतो, लांबीला घटतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा होतो, हे मान्य. साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायर लवकर तरंगतो.

शेवटी वही घेऊन बसले. रिमचा व्यास अधिक साइडवॉलची दुप्पट, एवढीच बेरीज. मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, १९५/५५ आर १६ चा ६२०.९. जवळजवळ तोच! याउलट १५ इंची रिमवरच २०५/६५ चढवला तर ६४७.५, म्हणजे चार टक्के जास्त. स्पीडोमीटरने पूर्वी नेमका वेग दाखवला असे धरले, तर आता काटा १०० वर असताना गाडी १०४ ने पळणार. शिवाय पूर्ण वळवताना चाक मडगार्डला घासण्याची भीती वेगळीच. (खडूने टायरवर खूण करून गाडी एक फेरा ढकलूनही पाहिली. हिशेबाने १९५ सेंटिमीटर यायला हवे होते, आले १९० च्या आसपास. भाराने टायर दबतो, तेव्हा चूक माझी नव्हे.)

एका आकड्याचा उल्लेख लेखात कुठेच नव्हता, तो म्हणजे भारांक, टायर किती भार पेलू शकतो ते सांगणारा आकडा. मूळ टायरवर ८८ होता, म्हणजे एका टायरला ५६० किलो. माझ्या सतरा इंचीवर होता ८४, म्हणजे ५००. चारही चाकांचे मिळून २४० किलो मी नकळत गमावले होते. म्हणून सतरा इंची काढून वहीतले ते सोळा इंची घेताना ९१ मागून घेतला. रिमचा ऑफसेटही, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला जिथे बसते तिथपर्यंतचे अंतर, मूळचाच ठेवला. तो कमी झाला की चाक बाहेर सरकते, बेअरिंगवर ताण येतो आणि स्टिअरिंग हातात ओढू लागते. आणि नवी रिम तराजूवर तोलून घेतली, कारण जड चाक सस्पेन्शनला आवरत नाही.

आता गाडी पंधरा इंचीपेक्षा नेटकी वळते आणि खड्डेही सोसते. तरी खरे सांगायचे तर निम्मा फरक ताज्या रबराचा आणि दर पंधरवड्याला थंड टायरमधली हवा तपासण्याचा असावा. आकार न बदलता ते दोन्ही करता आले असते.

पुढच्या वेळी टायरच्या आकारांचा तक्ता छापाल तेव्हा त्यात बाहेरचा व्यास आणि भारांक असे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका