‘हरलँड’मध्ये कुणाला जागा नव्हती?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला, अमेरिकी साहित्यातल्या बायकांच्या राज्यांविषयीचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल लेखिकेचे मनापासून आभार. मात्र शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘हरलँड’ या कादंबरीचे एवढे कौतुक करताना तिची काळी बाजू साफ गाळली, हे पटले नाही.

कौतुकाला ती कादंबरी पात्र आहेच. गिलमन यांनी 1915 साली ती स्वतःच्याच ‘फोररनर’ मासिकात क्रमशः छापली. पुस्तक निघायला 1979 उजाडले. दोन हजार वर्षे पुरुषांवाचून नांदणाऱ्या देशात तीन अमेरिकी पुरुष येतात. आमच्याकडे गाई कशा पाळतात, हे ते सांगू लागतात. वासराला तोडून त्याचे दूध आपण घेतो, हे ऐकताना तिथल्या बायका पांढऱ्याफटक पडतात आणि निरोप घेऊन उठून जातात. पुढे त्या तिघांपैकी टेरी नवरेपणाच्या हक्काने आपल्या तिथल्या बायकोवर, अलिमावर, जबरदस्ती करू पाहतो, तर त्याला देशाबाहेर काढतात. 1915 मध्ये हे लिहायला छाती लागते. आपल्या कायद्यात नवऱ्याला आजही सूट आहे!

पण याच देशात आई कुणी व्हायचे हे समाज ठरवतो. ‘दोष’ असलेल्या मुलींना मातृत्व सोडायची गळ घातली जाते. हे लोक आर्य वंशाचेच, अशी ग्वाही निवेदक देतो. ‘तो काळच तसा होता’ म्हणून हे सोडून देता येणार नाही. 1908 मध्ये याच गिलमनबाईंनी कृष्णवर्णीयांना सक्तीच्या श्रमाला जुंपण्याची योजना समाजशास्त्राच्या नियतकालिकात मांडली होती. मेरी ब्रॅडली लेन यांची ‘मिझोरा’ ही बायकांच्याच देशाची कादंबरी तर त्याच्याही आधीची, 1880-81 मध्ये सिनसिनाटीच्या वृत्तपत्रात आलेली. तिथल्या साऱ्या बायका गोऱ्यापान, सोनेरी केसांच्या. सावळ्या वर्णाची माणसे नाहीशीच केलेली. जात राखण्यासाठी बाईच्या कुशीवर पहारा बसवणाऱ्या समाजात आपण राहतो. आपल्याला तर हे आधी खटकायला हवे.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या जोआना रस यांची एका ओळीत बोळवण झाली, याचेही वाईट वाटले. त्यांच्या ‘व्हेन इट चेंज्ड’ या 1972 च्या कथेला विज्ञानकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. त्यातल्या, परग्रहावर पुरुषांवाचून राहणाऱ्या बायका देवी नाहीत. शेती करतात, संसार करतात, द्वंद्वयुद्धही खेळतात. कित्येक पिढ्यांनी पृथ्वीवरून आलेला पुरुष त्यांना विचारतो, तुमची माणसे कुठे आहेत? समोरच्या बायका त्याच्या हिशेबी माणसांत धरलेल्याच नाहीत. मला ही कथा ‘हरलँड’पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते.

रस यांच्यावर स्वतंत्र लेख यावा आणि त्यासोबत ‘हरलँड’विषयी राहून गेलेलेही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा