बॅटरी उतरली म्हणून फोन का टाकायचा?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला टेक्नॉलॉजीचं पान येतं ते मी अगदी पहिल्या ओळीपासून वाचते. नवीन फोन आला की कॅमेरा किती मेगापिक्सेल, स्क्रीन किती इंच, प्रोसेसर कुठला, चार्जिंग किती वॅटचं, सगळं चौकटीत व्यवस्थित दिलेलं असतं, बॅटरी किती एमएएचची (म्हणजे तिच्यात किती चार्ज मावतो) तेपण असतं. पण तीच बॅटरी दोन-तीन वर्षांनी उतरली की बदलून मिळेल का, कितीला मिळेल, कुठं मिळेल हे आजवर एकदाही वाचलेलं नाही आणि साध्या घरातल्या माणसाला फोन घेताना सगळ्यात उपयोगाची माहिती हीच आहे असं माझं ठाम मत झालंय. पत्र जरा मोठं झालंय, काटछाट करायची तर करा पण हा मुद्दा तेवढा ठेवा.

माझ्या आईचं वय 71. तिचा फोन 2021 मध्ये घेतलेला, साडेतेरा हजाराचा. गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तर फोनला आडवं रबर लावलेलं. विचारलं तर म्हणाली अगं मागचं झाकण सैल झालंय, उघडतंय सारखं, म्हणून बांधून ठेवलंय. हातात घेतला तर पाठ फुगलेली, कडेनं स्क्रीनपण वर आलेली, आणि तो फोन ती रोज स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारच्या प्लगला लावत होती. मी आठवी ते दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते त्यामुळे फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते हे मला माहिती होतं आणि पोटात गोळाच आला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. टोकन घेतलं, दीड तास बसले. काउंटरवरच्या मुलानं फोन न उघडताच सांगितलं की मॅडम मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, एक्सचेंजमध्ये नवीन घ्या, याचे 900 रुपये धरू. मी म्हटलं अहो फोन चांगला आहे, स्क्रीनवर एक ओरखडा नाही, फक्त बॅटरी पाहिजे. नाही म्हणजे नाही. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्या हातात काहीच नव्हतं. पण साडेतेरा हजाराच्या वस्तूतला एक झिजणारा भाग झिजला म्हणून आख्खी वस्तू 900 रुपयाची होते हे मला पटत नाही.

आणि प्रश्न नुसता पैशाचा नाही. आईला त्या फोनमध्ये कुठं काय आहे ते हाताला पाठ आहे, अक्षर मोठं करून घेतलंय, भजनी मंडळाची रेकॉर्डिंग आहेत, मस्कतला असलेल्या मावशीला व्हिडिओ कॉल कुठून लावायचा ते तिला शिकायला चार महिने लागले होते. नवीन फोन म्हणजे ते सगळं परत पहिल्यापासून. एकवीस वर्षाच्या मुलाला नवीन फोन म्हणजे आनंद, एकाहत्तर वर्षाच्या बाईला नवीन फोन म्हणजे महिनाभर दुसऱ्यावर अवलंबून राहणं.

शेवटी स्टेशनजवळ एक मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे तिथं गेले. त्या पोरानं फोन बघितल्या बघितल्या आधी विचारलं, ताई चार्ज किती आहे, आणि कमी आहे म्हटल्यावर मगच हात लावला. शेजारी वाळूची बादली. मागचं पॅनल ब्लोअरनं गरम केलं, प्लास्टिकचं कार्ड घालून इंच इंच करत सोडवलं, आत लोखंडी काही घातलं नाही कारण बॅटरीचा पाउच, म्हणजे वरची पातळ पिशवी, फाटला तर पेट घेतो. बॅटरी खाली टेपनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवलेली. मला म्हणाला, ताई बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागतात, तिच्यापर्यंत पोचायला पाऊण तास. ओरिजनल आहे का विचारलं तर त्यानं सरळ सांगितलं की कंपनी आम्हाला देतच नाही, कॉपीच येतात, एक साडेचारशेची आणि एक आठशेची, वर छापलेल्या एमएएचवर जाऊ नका, आठशेचीच घ्या, तीन महिन्यांची गॅरंटी मी देतो. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला पण घरी येताना हाच विचार डोक्यात होता की कंपन्या म्हणतात बाहेरच्या बॅटऱ्या धोकादायक आहेत, बरोबर आहे, असतील, मग चांगल्या बॅटऱ्या या लोकांना विकत का देत नाही? माणसाला डुप्लिकेटकडे ढकलायचं आणि वर डुप्लिकेटची भीतीपण दाखवायची, हे दोन्ही एकाच वेळी कसं चालेल.

आमच्या पिढीनं वेगळे दिवस बघितलेत. नोकियाचा 1100 आला 2003 मध्ये, जगात 25 कोटींपेक्षा जास्त विकला गेला. त्यातली ती बीएल-5सी बॅटरी किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, कुठंही मिळायची, नखानं झाकण काढायचं, जुनी काढायची, नवी घालायची. आजपण कितीतरी छोट्या रेडिओत आणि भजनाच्या स्पीकरमध्ये त्याच मापाची बॅटरी असते.

त्याच बॅटरीची एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. ऑगस्ट 2007 मध्ये नोकियानं जाहीर केलं की मात्सुशिता कंपनीनं बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बीएल-5सी बॅटऱ्या चार्जिंगला जास्त तापू शकतात. मोठाच आकडा. पण लोकांनी काय केलं, बॅटरी काढली, पाठीमागचा नंबर तपासला, सदोष निघाली तर बदलून घेतली, फोन आपला घरीच. नंतर 2016 मध्ये सॅमसंगच्या नोट 7 मध्ये बॅटऱ्या पेट घ्यायला लागल्या, सप्टेंबरात साधारण 25 लाख फोन परत मागवले, बदलून दिलेले फोनपण पेटले आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करावं लागलं. तपासात दोष बॅटरीतच निघाला. तिथंही भाग एकच खराब होता, पण तो आत चिकटवलेला, म्हणून चांगली स्क्रीन, चांगला कॅमेरा, चांगली चिप असलेले लाखो फोन गेले. माझ्या आईच्या फोनचं लहान प्रमाणात तेच होणार होतं.

आता बॅटरी म्हातारी होतेच, यात कुणाचा गुन्हा नाही, हे केमिस्ट्रीच आहे. लिथियम आयन बॅटरीत एका बाजूला ग्राफाईट असतं, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूंचं ऑक्साईड. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाईटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. पण प्रत्येक फेरीत थोडं लिथियम ग्राफाईटवर पापुद्र्यासारखं अडकून राहतं, ते परत कामाला येत नाही, आणि तो पापुद्रा वाढत गेला की आतला रोधही, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. म्हणून जुना फोन 25 टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला की पटकन बंद पडतो, कारण एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं. उष्णतेनं हे सगळं लवकर होतं, फुल चार्ज करून तापत ठेवलं तर अजून लवकर, आणि आतलं द्रावण बिघडून गॅस झाला की पाउच फुगतो. आईच्या फोनचं आमच्या मिरजेतल्या उन्हाळ्यात, गॅसच्या शेजारी, नेमकं हेच झालं असणार. (आणि फोन पूर्ण उतरल्यावरच चार्ज करा असे जे मेसेज अजून फिरतात ते जुन्या निकेल कॅडमियम बॅटरीचे आहेत, आताच्या बॅटरीला पूर्ण उतरणं उलट वाईट.)

या बॅटरीच्या शोधासाठी 2019 चं केमिस्ट्रीचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं, गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. सोनीनं 1991 मध्ये ही बॅटरी बाजारात आणली तेव्हापासून सगळ्या कंपन्यांना माहिती आहे की ती काही वर्षांनी बदलावी लागणार. स्कूटरचं टायर झिजणार हे माहिती असतं म्हणून टायर काढता येईल असंच चाक बनवतात ना. कुणी टायर रिमला वेल्डिंग करत नाही.

कंपन्यांचं उत्तर असतं की फोन पाण्यात टिकायला पाहिजे, पातळ पाहिजे, म्हणून चिकटवतो. पण 2014 चा गॅलेक्सी एस 5 बघा, मागचं झाकण हातानं निघायचं, बॅटरी निघायची, आणि तरी तो आयपी 67 होता म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असा. दहा-बारा वर्षांपूर्वी जमत होतं ते आता अजिबात जमत नाही असं कसं म्हणायचं. फोन एखादा मिलिमीटर जाड झाला तर आमची हरकत नाही, तसंही सगळे वर जाड कव्हर घालूनच वापरतात.

अजून एक गोष्ट लोकांना माहिती नसते. फोन स्लो झाला की आपण म्हणतो जुना झाला, नवा घेऊ. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलनं स्वतः मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जातो, मध्येच बंद पडू नयेत म्हणून. कारण टेक्निकली खरंच होतं, पण गिऱ्हाईकाला नीट सांगितलं नव्हतं. मग माफी मागितली आणि 2018 वर्षभर अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर 79 डॉलरवरून 29 डॉलर केला. बॅटरी बदलल्यावर ते फोन परत वेगात चालायला लागले. त्याआधी किती लोकांनी नुसता स्लो झाला म्हणून नवा फोन घेतला असेल.

युरोपात आता कायदे झालेत. 20 जून 2025 पासून तिथं नव्यानं बाजारात येणाऱ्या फोनची बॅटरी 800 वेळा चार्ज झाल्यावरपण किमान 80 टक्के क्षमतेची राहिली पाहिजे, मॉडेल विकायचं बंद केल्यावर 7 वर्षं स्पेअर पार्ट दिले पाहिजेत, आणि दुरुस्ती किती सोपी आहे त्याची ए ते ई श्रेणी लेबलवर छापावी लागते. 800 म्हणजे रोज एक पूर्ण चार्ज धरला तर सव्वादोन वर्षं होतात, म्हणजे हे काही जगावेगळं मागणं नाही. 18 फेब्रुवारी 2027 पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असापण नियम येतोय, फोनना त्यात काही सवलती आहेत, पण दिशा बरोबर आहे. फ्रान्समध्ये तर जानेवारी 2021 पासूनच दुरुस्तीला दहापैकी मार्क द्यायची पद्धत होती. मुलांच्या प्रगतिपुस्तकासारखं, दुकानात उभं राहूनच कळतं.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, पोर्टलपण सुरू केलं. दुरुस्तीचे मार्क ठरवायला दुसरी समिती झाली, तिनं मे 2025 मध्ये अहवाल दिला, सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करा असं त्यात सुचवलंय. पण आमच्या इथल्या दुकानात फोनच्या खोक्यावर असे मार्क मला अजून दिसलेले नाहीत. आणि नुसते मार्क छापून पुरणार नाही. स्टेशनजवळच्या त्या पोराला ओरिजनल बॅटरी ठरलेल्या दरात मिळाली पाहिजे, पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला बसलेल्यांना मिळाली पाहिजे, तालुक्याच्या गावच्या टपरीवाल्यालासुद्धा मिळाली पाहिजे. हातात एवढं कसब असलेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, ती चोरून काहीतरी करतायत अशी वागणूक त्यांना का मिळावी?

तर संपादकसाहेब, विनंती अशी की तुमच्या फोनच्या चौकटीत तीनच ओळी वाढवा. बॅटरी बदलायचा कंपनीचा दर किती, पार्ट किती वर्षं देणार, अपडेट किती वर्षं देणार. कंपनीनं उत्तर दिलं नाही तर "उत्तर दिलं नाही" असंच छापा. दर आठवड्याला ती ओळ दिसायला लागली तर कंपन्या उत्तर द्यायला लागतील, आणि दुकानात गेल्यावर आमच्यासारखी माणसंपण तोच प्रश्न विचारतील.

आणि एक मदत पाहिजे. आईच्या फोनमधून काढलेली ती फुगलेली बॅटरी अजून माझ्याकडेच आहे. घंटागाडीवाले घेत नाहीत, आणि बरोबरच आहे, कचऱ्यात दाबली गेली तर गाडीच पेटेल. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर म्हणाले सुटी बॅटरी आम्ही घेत नाही. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांची, असे केंद्राचे नियम 2022 पासून आहेत, पण मिरजेत ती कुठं नेऊन द्यायची हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सध्या पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू भरून त्यात ठेवलीय, डबा गॅलरीत सावलीला. मिरज-सांगली भागात अशी बॅटरी घेणारं ठिकाण कुणा वाचकाला माहिती असेल तर पत्त्यासकट छापा, मी त्याच दिवशी नेऊन देते.

आपली,
एक वाचक, मिरज