कॅप्टन होम्सचं काय झालं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या हॉलिवूडच्या सेन्सॉरशिपवरचा लेख वाचला. 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' या चित्रपटातल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या चुंबनाच्या प्रसंगाचं उदाहरण देऊन लेखकाने म्हटलं आहे, की बंधनं होती म्हणूनच दिग्दर्शकांना सूचकतेने सांगण्याची कला साधली. लाटांत भिजलेले डेबोरा कर आणि बर्ट लँकॅस्टर मलाही विसरता येत नाहीत. पण या चित्रपटाला कात्री खरी लागली ती दुसरीकडेच, आणि तिचा लेखात उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

चित्रपट मी फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला होता आणि भारावून घरी आले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी फोर्टच्या फुटपाथवर जेम्स जोन्सची मूळ कादंबरी मिळाली. बांधणी सुटलेली, आठशेच्या वर पानं. लोकलच्या प्रवासात ती मला दीड महिना पुरली. शेवटाकडे आल्यावर मी मागची पानं पुन्हा चाळली. पडद्यावर ज्याला शिक्षा झालेली पाहिली होती, तो माणूस इथे बढती मिळून मेजर झाला होता.

तो माणूस म्हणजे कॅप्टन होम्स. १९४१ सालचं हवाई, स्कोफील्ड बरॅक्स ही लष्करी छावणी, पर्ल हार्बरवरचा हल्ला काही महिन्यांवर आलेला. होम्सला आपल्या कंपनीसाठी बॉक्सिंगचं विजेतेपद हवं आहे. बदली होऊन आलेला बिगुलवाला प्रुइट उत्तम बॉक्सर, पण त्याच्या ठोशाने एका मित्राची दृष्टी गेली आणि तेव्हापासून तो रिंगमध्ये उतरायला तयार नाही. मग त्याला वाकवण्यासाठी रोजचा छळ सुरू होतो. कादंबरीत हा छळ करवणाऱ्याला फौज वर चढवते. जोन्स स्वतः त्या बरॅक्समध्ये राहिलेला शिपाई होता. हे त्याने उगाच लिहिलेलं नाही.

१९५१ मध्ये कादंबरी आली आणि कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन याने हक्क विकत घेतले, तेव्हा हॉलिवूडमध्ये लोक त्याला वेड्यात काढत होते. अडथळे दोन होते. एक प्रॉडक्शन कोड, म्हणजे चित्रपट कंपन्यांनीच स्वतःवर घालून घेतलेली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या कचेरीमार्फत कडकपणे राबवली जाणारी नियमावली. दुसरा अडथळा अमेरिकी लष्कर. खऱ्या बरॅक्समध्ये चित्रीकरण करायचं तर त्यांची परवानगी हवी, आणि परवानगीच्या पाठोपाठ अटी आल्या.

कोडमुळे कादंबरीतलं मिसेस किप्फरचं वेश्यागृह 'न्यू काँग्रेस क्लब' झालं आणि डोना रीड तिथे सैनिकांशी गप्पा मारणारी मुलगी झाली. होम्सच्या बायकोची, कॅरनची, गोष्ट बदलली. कादंबरीत नवऱ्याने बाहेरून आणलेला गुप्तरोग तिला होतो आणि तिचं गर्भाशय काढावं लागतं. गुप्तरोग हा विषयच कोडला वर्ज्य होता. म्हणून पडद्यावर नवरा पिऊन घरी येतो, ती प्रसूतिकळांत तळमळत असते, डॉक्टर येत नाही आणि मूल दगावतं. पटकथाकार डॅनिएल टॅराडॅशने हे फार ताकदीने लिहिलं आहे, त्याला ऑस्करही मिळालं, आणि कॅरन झालेली डेबोरा कर ते सांगते तेव्हा घशात आवंढा येतो. तरीही काहीतरी निसटलंच. कादंबरीत छावणीभोवतीचा सगळा बाजार त्या एका रोगातून अधिकाऱ्याच्या घरात शिरतो. पडद्यावर उरतो फक्त एक दारुडा नवरा.

लष्कराच्या अटींनी याहून खोल घाव घातला. कादंबरीत प्रुइट स्वतः लष्करी तुरुंगात जातो, तिथली मारहाण डोळ्यांनी बघतो. चित्रपट तुरुंगातली मारहाण दाखवतच नाही. प्रुइटचा मित्र मॅजिओ (फ्रँक सिनात्रा) तुरुंगाबाहेर येऊन प्रुइटच्या मिठीत मरतो आणि सगळा दोष फॅट्सो नावाच्या एकट्या क्रूर सार्जंटवर जातो. होम्सची चौकशी होते आणि कोर्ट मार्शलच्या धाकाने त्याला राजीनामा द्यावा लागतो. नवा कॅप्टन येऊन जाहीर करतो, की यापुढे बॉक्सिंगच्या जोरावर कुणाला बढतीच्या फिती मिळणार नाहीत. म्हणजे फौज निर्दोष, दोन-चार माणसं तेवढी वाईट! दिग्दर्शक फ्रेड झिनमनने पुढे आत्मचरित्रात या प्रसंगाबद्दलची आपली चीड लपवली नाही. त्याच्या मते तो चित्रपटातला सर्वांत वाईट क्षण होता, सैन्यभरतीच्या प्रचारपटासारखा.

यात कुठली सूचकता आली? चुंबन लाटांआड गेलं तरी प्रेक्षकाला कळतं. मेजर झालेल्या माणसाला राजीनामा द्यायला लावला, तर मूळ गोष्ट कुणाला कळणार? कादंबरी हाती येईपर्यंत मला तरी ती कळली नव्हती. आणि एवढं करूनही अमेरिकी नौदलाने आपल्या खलाशांना हा चित्रपट दाखवायला मनाई केलीच.

चित्रपट मोठा आहे, आठ ऑस्कर त्याला उगाच मिळाली नाहीत. मॉन्टगोमेरी क्लिफ्टचा प्रुइट मी आजही डोळे भरून बघते. पण पुरवणीत ही लेखमाला पुढे चालणार आहे असं दिसतं. तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या भागात एक वाक्य जरूर छापावं: जोन्सच्या कादंबरीत कॅप्टन होम्सला बढती मिळते.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली