ताई, त्या पेन्सिलीच्या नोंदींसाठी

आदरणीय ताई,

हे पत्र नुसतं तुम्हाला दिलं असतं तर "कशाला रे एवढं" म्हणून तुम्ही ते बाजूला ठेवलं असतंत. म्हणून चारचौघांत लिहितोय.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी दोन्हीकडून मार खाऊन आलो होतो. एका ठिकाणी प्रश्न विचारला की "आधी श्रद्धा ठेवा, मग आपोआप कळेल" असं ऐकायला मिळायचं, आणि पुन्हा विचारला की तो माझा अहंकार ठरायचा. तिथून उठून ज्या बुद्धिवादी मंडळींत गेलो, त्यांनी तर प्रश्न पुरा होऊच दिला नाही. मी ध्यानाला बसतो म्हटल्यावर एकमेकांकडे बघून हसले. गंमत म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना माझी कीवच येत होती.

तुम्हाला मी आत्म्याबद्दल विचारलं. तुम्ही उठलात, कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलंत. "मी जे मानते ते या माणसानं पार उधळून लावलंय. आधी हे वाच, मग माझ्याशी बोल." समासात तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीच्या नोंदी होत्या. एके ठिकाणी, "हे ओढूनताणून." थोडं पुढे, "इथे उत्तर सुचत नाही." आणि त्याखाली, वेगळ्या, जरा जाड पेन्सिलीनं, "अजूनही नाही."

ताई, ते वाचून मला भरून आलं. अजून येतं. इतकी वर्षं साधना केलेलं माणूस आपली अडलेली जागा अशी उघडी ठेवतं, आणि ती नवख्याच्या हातात देतं!

पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आधी नीट मांडायचा, ही आपल्या दर्शनांची जुनी शिस्त, हे मला नंतर तुमच्याकडूनच कळलं. 14व्या शतकातला 'सर्वदर्शनसंग्रह' हा ग्रंथ वेदान्त्याच्या हातचा, पण सुरुवात आत्मा आणि परलोक नाकारणाऱ्या चार्वाकांपासून. चार्वाकांचं स्वतःचं लेखन जवळजवळ सगळं गेलं. आज त्यांचं म्हणणं जे काही कळतं, ते बहुतेक विरोधकांनी लिहून ठेवलं म्हणून. (त्यांनी पदरचं मीठमसाला घातलंच असणार, ही पुस्तीही तुमचीच.)

कालामसुत्त, म्हणजे बुद्धानं कालाम लोकांना केलेला उपदेश, अर्धवट ऐकवणारे मला खूप भेटले होते. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेनं आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, इथवर सगळे एका सुरात. पुढचं "हे श्रमण आपले गुरू आहेत म्हणूनही नको" हे गुरुभक्त गाळतात, आणि "नुसतं तर्कात बसतं म्हणूनही नको" हे तर्कवाले गाळतात. तुम्ही सगळं वाचून दाखवलंत. लोभ, द्वेष, मोह यांनी अहितच होतं हे स्वतः पाहा आणि ते सोडा, हा भागसुद्धा. तो सगळ्यात कठीण, म्हणून बहुधा कुणी ऐकवत नाही.

तुमचं मन मोकळं आहे म्हणजे तिथे काहीही खपतं असं मात्र नाही. चमत्कार सांगणाऱ्याला तुम्ही "कोणी पाहिलं?" विचारता, आणि सगळं थोतांड म्हणणाऱ्याला त्याच आवाजात "तू करून पाहिलंस?" आवाज चढत नाही, समोरच्याला खजील करत नाही. हा साधा चांगुलपणा मोठमोठ्या व्यासपीठांवर मला दिसला नव्हता. समोरचा आपल्याइतकाच प्रामाणिकपणे शोधतोय, एवढं धरून चालायला ना दीक्षा लागते ना पदवी. तरी किती कमी लोकांना जमतं!

तुमच्यामुळे माझा शोध सुटला नाही. सगळ्याला रामराम ठोकायच्या बेतात होतो मी. आता रोज बसतो, वाचतो, आणि समासात लिहायला पेन्सिल जवळ ठेवतो.

पुनर्जन्माबद्दलचं तुमचं म्हणणं मला अजून अजिबात पटलेलं नाही. पुढच्या भेटीत तोच विषय काढणार आहे, आणि या वेळी तयारी करून येतोय.

तुमचा,
एक भांडखोर विद्यार्थी