ज्यांनी आपलाच आवडता रस्ता खोडला, त्यांना

सप्रेम नमस्कार,

माझ्या सायकलफेरीसाठी तुम्ही आखून पाठवलेल्या नकाशावर एक रेघ खोडलेली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘हा माझा सगळ्यात आवडता उतार. तुम्ही इथून जाऊ नका. वळणं तुमच्या ओळखीची नाहीत.’ हे पत्र मुख्यतः त्या तीन वाक्यांसाठी आहे.

पाहुण्याला आपला आवडता रस्ता दाखवायला सगळेच उत्सुक असतात. तो त्याच्यासाठी योग्य नाही म्हणून बाजूला ठेवायला वेगळं मन लागतं. तुमच्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं : ‘रस्ता एकदम मस्त आहे, बिनधास्त जा.’ मस्त असतोच तो, गाडीच्या काचेआडून. नवं डांबर, सरळ, रुंद. म्हणजेच वाहनं ताशी ८०-९०च्या वेगात, आणि साइडपट्टी म्हणाल तर एक हातभर, तीही खडीने भरलेली. सायकल भाड्याने देणाऱ्यांनी हातात छापील नकाशा दिला, त्यात सगळे रस्ते एकाच जाडीच्या हिरव्या रेघेने काढलेले. कोणता रस्ता कुणासाठी आणि किती वाजता, याबद्दल एक अक्षर नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण अशा सल्ल्याची किंमत सल्ला देणाऱ्याला मोजावी लागत नाही.

तुम्ही रेघ काढण्याआधी तीन प्रश्न विचारलेत. टायर किती मिलिमीटरचा? सगळ्यात हलका गिअर कोणता? सामान किती किलो? हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि खरं तर सगळा मार्ग यावरच ठरतो. पुढे ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागच्या चाकाच्या चक्रालाही ३४ दात असतील तर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारून वेग ताशी साधारण साडेसात किलोमीटर राहतो. मागे २८ दातच असतील तर तेवढ्याच फेऱ्यांना सव्वानऊ. सपाटीवर हा फरक जाणवतही नाही. १२ टक्क्यांच्या चढावर (शंभर मीटर पुढे जाताना बारा मीटर वर), मागे दहा किलोंचं सामान असताना, एकजण बसून चढतो आणि दुसरा उतरून ढकलतो. टायरचंही तसंच. सुट्या खडीच्या तुकड्यावर ३२ मिलिमीटरचा टायर कमी हवेत निभावून नेतो, २५चा घसरतो.

आता त्या खोडलेल्या उताराबद्दल. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकांनी, ताशी ४० किलोमीटरला सायकल थांबवायला सुमारे २३ मीटर लागतात. त्यातले ११ मीटर तर धोका दिसून बोटं ब्रेकवर दाबेपर्यंतच जातात. वेग ६० झाला की हे अंतर ४५ मीटरच्या आसपास जातं, आणि रस्ता ओला असेल तर आणखी बरंच वाढतं. ज्या वळणापलीकडचं २५ मीटरच दिसतं, तिथे ६०ने येणाऱ्याला थांबायला जागाच नसते. रोजचा स्वार तिथे आपसूक ४०वर येतो, कारण वळण पुढे आणखी आवळत जातं आणि आतल्या कडेला झऱ्याचं पाणी वाहतं, हे त्याला ठाऊक असतं. पाहुण्याला हे त्या वळणात शिरल्यावर कळतं. म्हणून तुमच्यासाठी सुरक्षित असलेला रस्ता दुसऱ्यासाठी तसा असेलच असं नाही. एवढी साधी गोष्ट मान्य करायला स्वतःच्या आवडीच्या बाहेर यावं लागतं, आणि तुम्ही आलात.

याच कारणाने सायकलस्वारांच्या वर्दळीचे नकाशे फसवतात, म्हणजे जिथून जास्त सायकली जातात तिथे रेघ ठळक दाखवणारे. ठळक रेघ म्हणजे चांगला रस्ता, असं वाटतं. पण ती कधी दुसरा रस्ताच नसल्यामुळे ठळक होते, कधी रविवारी पहाटे वीस जणांचा गट जातो म्हणून. त्याच रस्त्यावर बुधवारी सकाळी दहाला खाणीचे डंपर असतात. रेघ एकाच दिशेने ठळक असेल तर लगेच शंका घ्यावी : लोक तिथून चढतात आणि उतरायला दुसरी वाट धरतात. कारण शोधल्याशिवाय उलट दिशेने जाऊ नये. रस्त्याची छायाचित्रं पाहताना ती कोणत्या वर्षीची आहेत हेही बघावं लागतं. चार वर्षांत डांबराची कड तुटून आत येते.

चढाचं सरासरी प्रमाण हे असंच आणखी एक फसवं चित्र. फ्रान्समधल्या माँ व्हाँतू या डोंगराचा चढ बेदुआँ गावाकडून साधारण २१ किलोमीटर आणि सरासरी साडेसात टक्के आहे. पण सुरुवातीचे पाच-सहा किलोमीटर सौम्य असतात, आणि मग जंगलातले नऊएक किलोमीटर नऊ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ कुठेच उसंत न देता. सरासरी पाहून सुरुवातीला जोर लावणारा जंगलात संपतो. तुम्ही सरासरी लिहिलीच नाहीत. प्रत्येक चढाचा सगळ्यात वाईट किलोमीटर कोणता, तेवढंच लिहिलंत.

जपानमधल्या शिमानामी काइदो या सायकलमार्गावर सुमारे ७० किलोमीटर पुलांवरून आणि बेटांवरून जाताना रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली असते. मोठ्या पुलांवर सायकलींसाठी वेगळी वाट आहे, तिथे चढणारे रस्तेही सौम्य ठेवलेले. पण ओनोमिची या टोकाच्या शहराकडचा पहिला पूल अरुंद आणि गर्दीचा, म्हणून सायकलस्वारांना तिथे छोट्या फेरीबोटीने पलीकडे जायला सांगतात. एवढा नावाजलेला मार्ग, आणि त्याच्या तोंडाशीच ‘इथून नको’ सांगण्याची काळजी. तुमची खोडलेली रेघ पाहून तीच आठवली.

तुमच्या वेळांच्या नोंदींनी तर नकाशाला जीव आला. सकाळचा पहिला टप्पा पश्चिमेकडे ठेवलात. सकाळी पूर्वेकडे जाताना आपल्या डोळ्यांवरचं ऊन सोसता येतं, पण मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं आणि आपण त्याला दिसतच नाही. तुमच्या नकाशातल्या फेरीबोटीजवळ लिहिलंत, ‘उतरल्यावर दहा मिनिटं धक्क्यावरच थांबा.’ बोटीतल्या सगळ्या गाड्या एकदम निघतात. त्या पुढे गेल्या की दुसरी बोट येईपर्यंत रस्ता मोकळा. तलावाला वळसा घालताना पाणी डावीकडे येईल अशी दिशा धरलीत. वाहतूक डावीकडून चालत असेल तर पाण्याकडची कड आपली राहते, थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही आणि बहुतेक वळणंही डावीकडची येतात. उजवीकडून वाहतूक असेल तिथे हे सगळं उलट करायचं.

बोगदा टाळून त्याच्या बाहेरून जाणारा जुना रस्ता तुम्ही शोधून दिलात. बोगदा झाला की गाड्या त्यातून जातात, आणि दरीच्या कडेने जाणारी जुनी वळणं सायकलींना मोकळी मिळतात. फक्त तो रस्ता दरडीने बंद आहे का, हे आधी विचारावं लागतं. तेही तुम्हीच विचारलंत. दरीत जाऊन संपणाऱ्या वाटाही अशाच शांत असतात, कारण पलीकडे जाणारी वाहतूकच नसते. प्रसिद्ध टोकं मात्र याला अपवाद : मायोर्का बेटावरचा सा कालोब्राचा रस्ता समुद्रापाशी संपतो, तरी दिवसा त्यावर पर्यटकांच्या बस असतात.

ज्या माणसाची पुन्हा भेट होणार नाही, त्याच्यासाठी कुणी संध्याकाळचे दोन तास खर्च करतं. त्याच्या ब्रेकांचा, पाण्याच्या बाटल्यांचा, परतीच्या उजेडाचा विचार करतं. दर वीस-पंचवीस किलोमीटरवर, मध्येच सोडून परतता येईल अशी एक वाट आखून ठेवतं. हा भलेपणा कुठल्या फलकावर दिसत नाही. तो नकाशावरच्या बारीक अक्षरांत असतो, आणि त्या दिवसाचा प्रत्येक किलोमीटर त्याच्या भरवशावर कापला जातो.

तुमच्या नकाशासाठी तीन दुरुस्त्या पाठवत आहे. पुढच्या पाहुण्याला उपयोगी पडतील. एकोणिसाव्या किलोमीटरचा नळ कोरडा आहे, पाणी थेट एकतिसाव्यालाच मिळतं. रेल्वेचे रूळ रस्त्याला फार तिरके आहेत. तिथे थोडं आत येऊन शक्य तितकं काटकोनात ओलांडा, असं लिहायला हवं. आणि जुन्या रस्त्यावरच्या तिसऱ्या वळणाचा कठडा दरीच्या बाजूने खचला आहे, साधारण चार मीटर.

तुमच्या भल्या मनाला नमस्कार.

आपला,
एक पाहुणा सायकलस्वार