इंजिनावरून जरा नजर हटवा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला मॉडेल रेल्वेच्या छंदावरचा लेख वाचला, आवडला, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहायला बसलो. लेखात स्केल, गेज, कंट्रोलर, रंगकाम सगळं आलं आणि वाफेच्या इंजिनांसाठी संदर्भ कुठून घ्यायचा तर म्हणे पुस्तकं आणि फोटो. अहो, जुन्या फिल्म्स राहिल्याच की! फोटोवरून रिव्हेटसुद्धा मोजता येतात, कबूल, पण गाडी चालते कशी हे फोटो सांगत नाही आणि आपली मॉडेलं नेमकी तिथेच मार खातात.

ब्रिटनमधली मालगाडीच घ्या. वाफेच्या काळात तिथल्या बऱ्याचशा वाघिणी एकमेकींना नुसत्या तीन कड्यांच्या साखळीने जोडलेल्या असायच्या. त्यामुळे ड्रायव्हर इंजिन अगदी बेताने पुढे घ्यायचा, पहिली साखळी ताणली की पहिली वाघीण हलायची, मग दुसरी, मग तिसरी, असा तो धक्का खणखणत पार मागे गार्डाच्या डब्यापर्यंत जायचा आणि तोवर इंजिन चांगलं पुढे सरकलेलं असायचं. थांबताना सगळं उलटं, बफरवर बफर (वाघिणींच्या टोकांचे धक्के झेलणारे दट्टे) आपटत. आमच्या मॉडेलमध्ये कंट्रोलरचा नॉब फिरवला की अख्खी गाडी एका फटक्यात सुटते, जणू कुणी फूटपट्टी ढकलली. ते साखळीचं प्रकरण लहान स्केलमध्ये जमणं अवघडच आहे, पण एकदा फिल्मवर बघितलंत ना, की निदान सुरुवात हळू करायची अक्कल तरी येते.

स्पीडचं तर विचारूच नका. मी एकदा शंटिंगच्या एका शॉटमध्ये चाकाच्या दांड्याचे फेरे मोजत बसलो, सेकंदाला साधारण एक फेरा. चाक 1.4 मीटर व्यासाचं धरलं तर एका फेऱ्यात गाडी 4.4 मीटर जाते, म्हणजे ताशी जेमतेम 16 किलोमीटर. एचओ स्केलमध्ये, म्हणजे 1:87 ला, हे सेकंदाला 5 सेंटीमीटर होतं. एक मीटर रूळ पार करायला 20 सेकंद! घड्याळ लावून करून बघा, हात शिवशिवतात नॉब पुढे ढकलायला.

पण हे गणित कुठल्याही फिल्मवर करायचं नाही हां, तिथे मी स्वतः फसलोय. मुक्या काळातल्या फिल्म्स बऱ्याचदा सेकंदाला 16 ते 18 फ्रेमच्या आसपास, हाताने हँडल फिरवून घेतलेल्या असायच्या, आणि 16 ची फिल्म 24 ने चालवली की सगळं दीडपट पळतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे फलाटावरची माणसं बघा, ती टुणटुण चालत असतील तर गाडीचा स्पीडही खोटा. रंगाचंही तेच. 1920 च्या दशकापर्यंत सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा. मी अशाच एका फिल्मवरून एका इंजिनाच्या बफर बीमला, म्हणजे बफर बसवलेल्या टोकाच्या आडव्या तुळईला, छान मॅट काळा रंग दिला आणि मग कळलं की ती चांगली लालभडक असायची. ते इंजिन अजून तसंच आहे, कंटाळा केलाय.

आवाजाबाबत तर डोळे उघडे ठेवा, म्हणजे कान बंद ठेवा. हौशी लोकांनी काढलेल्या बहुतेक फिल्म्स मुक्याच होत्या, भकभक नंतर चिकटवलेली असते आणि ती कुठल्या इंजिनाची देव जाणे. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेऱ्याला चार भकभक येतात, तीन सिलिंडरवाल्याचे सहा. वेगाचा विक्रम करणारं ब्रिटिश वाफेचं इंजिन मॅलार्ड ज्या ए-फोर जातीचं होतं ते तीन सिलिंडरवालं, त्याच्या चित्राखाली चारचा ठेका ऐकू आला की समजायचं काय ते. आणि साउंड डिकोडर (मॉडेलमधून इंजिनाचा आवाज काढणारी चिप) लावून बसलेल्या आमच्यासारख्यांना हा फरक कळायलाच हवा ना. अगदी गाजलेल्या फिल्म्सही या बनावटीला अपवाद नाहीत, टपालगाडीवरच्या 1936 च्या 'नाइट मेल' या ब्रिटिश माहितीपटातला टपाल सॉर्टिंगचा डबा चक्क स्टुडिओतला सेट होता आणि माणसं डुलायचं नाटक करत होती. तरी मी ती फिल्म सोडणार नाही, बाहेरचे शॉट खरे आहेत.

आता माझा मूळ मुद्दा. तीच फिल्म दुसऱ्यांदा लावा आणि या वेळी इंजिनाकडे बघूच नका. कडेला बघा. फलाटाच्या टोकाला इंजिन रोज जिथे थांबतं तिथली खडी तेलाने काळी झालेली असते, मेन लाइनची खडी स्वच्छ आणि यार्डात मात्र सगळी राखच राख. शेवटच्या डब्याला लाल दिवा असतो, जो निम्म्या मॉडेलांना नसतो. 1949 साली ब्रिटिश ट्रान्सपोर्ट फिल्म्स सुरू झाली, त्यांचं फोटोग्राफीचं काम देखणं आहे यात वाद नाही, पण ते शेवटी रेल्वेचंच खातं, घरचं लग्न असल्यासारखं सगळं नटवलेलं. मला विचाराल तर 8 किंवा 16 मिलिमीटरवर कुणा हौशी माणसाने थरथरत्या हाताने काढलेलं जास्त कामाचं. ब्रिटनमधली मेन लाइनवरची नेहमीची वाफ ऑगस्ट 1968 ला संपली, त्या शेवटच्या वर्षांतली कोडाक्रोमवरची रंगीत फिल्म बघा, इंजिनं इतकी मळलेली की मूळ रंग कोणता ते ओळखू येत नाही आणि नावाच्या पाट्या काढून नेलेल्या. आणि आम्ही डब्यातून काढलेलं चकचकीत इंजिन काचेच्या कपाटात ठेवतो.

म्हणून विनंती एवढीच की या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा फिल्मवर चार ओळी जरूर टाका, आणि कुणाच्या घरी अशी जुनी रिळं असतील तर डिजिटल करून घेताना किती फ्रेमनी चालवणार ते आधी विचारायला सांगा. ओळखीतल्या एकांचं 8 मिलिमीटरचं रीळ असंच 24 ने चालवून, वर सतार टाकून परत आलं.

मी स्वतः सध्या एकाच शॉटवर काम करतोय, जेमतेम 40 सेकंदांचा आहे. इंजिन पाण्याच्या खांबापाशी थांबतं, फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा, मागे टेंडरवर (कोळसा-पाण्याच्या डब्यावर) चढून ती जाड होज आत सोडतो, खाली ड्रायव्हर पाणी सोडायचं चाक फिरवतो, आणि खांबाच्या बुंध्याशी एक शेगडी धुमसत असते. ही कशाला ते आधी कळेना, मग उलगडलं की थंडीत पाणी गोठू नये म्हणून ती पेटवून ठेवायचे. ती शेगडी मी आता बनवतोय, उंची दीड सेंटीमीटर, आत नारिंगी एलईडी. लुकलुकतोय चांगला, पण धुराचं अजून जमलेलं नाही.

आपला,
एक वाचक