महाविद्यालय बदलणाऱ्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची समकक्षता वेळेत ठरावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीनंतरचे प्रवेश आणि विद्यापीठांचे निकाल यांविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहिले जाते. परंतु पदवीचे शिक्षण अर्ध्यावर असताना ज्यांना महाविद्यालय बदलावे लागते, त्यांच्याविषयी, आणि त्यातही वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतलेल्यांविषयी, माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. मी त्यांपैकीच एक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. आधी शिकलेला कोणता विषय नव्या विद्यापीठातल्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा धरायचा, म्हणजे त्यांची समकक्षता, हे वेळेत ठरत नाही, ही आमची अडचण आहे.

राज्यातील संलग्नित महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले, त्याच वर्षी मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. वर्ष संपता संपता बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. चार एकर कपाशीचे शेत बटईने देऊन आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी मामाच्या गावी राहायला आलो. मामाचे गाव विदर्भातच असले तरी ते दुसऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा प्रवेश मला नव्या विद्यापीठाच्या महाविद्यालयात घ्यावा लागला. दोन्ही महाविद्यालयांची आणि विद्यापीठांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोन्हीकडच्या शिक्षकांनी मला शक्य ती मदत केली आहे आणि अडचण कोणा एका ठिकाणची नाही.

ही अडचण आपल्या भागात किती सहज उद्भवते, हे नकाशा पाहिला की समजते. वणीहून वरोऱ्याकडे निघाले की वर्धा नदीच्या पुलावर जिल्हा बदलतो आणि जिल्ह्याबरोबर विद्यापीठही बदलते. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडे आहेत, चंद्रपूर आणि गडचिरोलीची महाविद्यालये २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत, आणि वरोऱ्याहून उत्तरेला थोडे वर गेले की लागणारे हिंगणघाट वर्धा जिल्ह्यात, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. या पट्ट्यातल्या सोयरिकी, बाजारहाट, शेतमजुरी आणि दवाखाना हे सगळे तिन्ही जिल्ह्यांत मिळून चालते. मुलगी लग्न होऊन नदीपलीकडे गेली, वडिलांची बदली झाली, घरातला कर्ता माणूस गेला, की शिक्षणाला विद्यापीठाची हद्द ओलांडावी लागते. आमच्याकडे हौसेने महाविद्यालय बदलणारा विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही.

नव्या धोरणाने अशा विद्यार्थ्यांसाठी मोठी सोय केली आहे, हे मी मनापासून मान्य करते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली शैक्षणिक श्रेयांक पेढीचे, म्हणजे ज्याला सगळे ‘एबीसी’ म्हणतात तिचे, विनियम काढले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे क्रेडिट, तिथे त्याच्या नावाने जमा होतात आणि ठरावीक मुदतीपर्यंत ते दुसऱ्या संस्थेत वापरता येतात. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, असा हा हिशेब आहे. माझे पहिल्या वर्षाचे सगळे श्रेयांक मोबाइलवर दिसत होते, तेव्हा आता काही अडणार नाही असेच आम्हा सर्वांना वाटले होते.

प्रत्यक्षात श्रेयांकांची बेरीज जुळली, पण विषयांचा आशय जुळला नाही. माझ्या आधीच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पेशीशास्त्र पहिल्या वर्षाला होते, ते इथे तिसऱ्या सत्रात आहे. उलट शैवाल आणि बुरशी इथल्या मुलांनी पहिल्याच सत्रात शिकून संपवले, आणि माझ्या जुन्या महाविद्यालयात ते दुसऱ्या वर्षाला यायचे होते. परिणामी एक भाग मी दुसऱ्यांदा करते आहे आणि दुसरा भाग माझ्या पदवीत कुठेच येणार नाही. गणिताचा किंवा भाषेचा राहिलेला भाग विद्यार्थी घरी पुस्तक वाचून भरून काढू शकतो. जीवशास्त्राचे तसे नसते. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे प्रयोगशाळेतले ३० तास असतात, आणि ते तास सूक्ष्मदर्शकाशिवाय, रसायनांशिवाय आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या शिक्षकाशिवाय भरत नाहीत.

एक उदाहरण देते. पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक मी पहिल्या वर्षीच केले होते. घरून कांदा नेऊन तो पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर ठेवायचा, दोन-तीन दिवसांत फुटलेल्या पांढऱ्या मुळांची टोके सकाळीच कापायची, सौम्य आम्लात मऊ करून ॲसिटोकार्मिनने रंगवायची, काचपट्टीवर आच्छादन काच ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने सरळ दाब द्यायचा. अंगठा जरा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि काहीच ओळखू येत नाही. मला चौथ्या प्रयत्नाला पेशीच्या मध्यभागी ओळीने लागलेली गुणसूत्रे दिसली होती, आणि मॅडमनी त्याच दिवशी माझ्या रेकॉर्डवर सही केली होती. ते प्रमाणित रेकॉर्ड बुक मी नव्या महाविद्यालयात दाखवले, तेव्हा ते दुसऱ्या विद्यापीठाचे असल्यामुळे ग्राह्य धरता येत नाही, असे सांगण्यात आले. मी पुन्हा कांदा घेऊन गेले. पुन्हा शिकण्यात कमीपणा नाही, परंतु त्याच आठवड्यांत मला शैवालाचे प्रात्यक्षिक करू दिले असते, तर ते तास सत्कारणी लागले असते.

शैवालाचे पुढे असे झाले की इथल्या एका शिक्षिकेने मला दोन शनिवारी तास संपल्यावर थांबायला सांगितले. मामाच्या शेततळ्याच्या कडेला साचलेले हिरवे, बुळबुळीत शेवाळ मी बाटलीत भरून नेले. त्यातला केसासारखा एक तंतू काचपट्टीवर घेऊन पाहिला, तेव्हा स्पायरोगायरा या शैवालाच्या प्रत्येक पेशीतून मळसूत्रासारखी वळत गेलेली हिरवी पट्टी स्पष्ट दिसली. ज्या शेवाळावरून पाय घसरतो म्हणून आई लहानपणापासून ओरडत आली, त्याची रचना इतकी रेखीव असेल हे पुस्तकातल्या आकृतीवरून मला कधीच जाणवले नव्हते. चार-पाच तासांत माझा तो भाग पुष्कळसा भरून निघाला. पण हे त्या शिक्षिकेच्या चांगुलपणावर झाले. त्याची नोंद कुठेही नाही आणि गुणपत्रिकेवर ते कधी येणारही नाही.

कागदपत्रांचा क्रम हा या अडचणीचा दुसरा भाग आहे. उन्हाळी परीक्षेचा निकाल लागल्याशिवाय गुणपत्रिका नाही, गुणपत्रिकेशिवाय टी.सी. आणि मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला, नाही, आणि मायग्रेशनशिवाय नवे विद्यापीठ पात्रता देत नाही. तोपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो आणि प्रॅक्टिकलच्या बॅचला नावही लागत नाही. माझे पात्रतेचे पत्र आले तेव्हा दिवाळीच्या सुट्या तोंडावर आल्या होत्या आणि बॅचची निम्मी प्रात्यक्षिके होऊन गेली होती. माझ्या ओळखीच्या दोघी जणी याच टप्प्यावर कंटाळून विज्ञान सोडून बी.ए.ला गेल्या. त्यांतली एक आमच्या वर्गात झाडांची कुळे सर्वांत अचूक ओळखायची. कपाशीचे फूल हातात घेऊन पुंकेसरांची एकत्र जुळलेली नळी दाखवत ती भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच कुळातली कशी, हे आम्हाला समजावून सांगायची. तिचे नाव आज विज्ञान शाखेच्या पटावर नाही, याचे मला फार वाईट वाटते.

नव्या महाविद्यालयाने नुसती गुणपत्रिका पाहून सगळेच डोळे झाकून मान्य करावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्याने सूक्ष्मदर्शक नीट हाताळलेला नाही त्याला पुढच्या सत्रात आनुवंशिकतेची प्रात्यक्षिके झेपणार नाहीत, ही शिक्षकांची काळजी रास्त आहे. अभ्यासक्रम ठरवण्याचा विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांचा अधिकारही मला मान्य आहे, आणि स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात, त्यामुळे तंतोतंत सारखेपणा कुठेच येणार नाही, हेही कळते. प्रश्न एवढाच आहे की कोणता विषय कोणत्या विषयाला समकक्ष धरायचा, हे प्रत्येक विद्यार्थ्याच्या अर्जावर नव्याने का ठरवावे लागते? अभ्यासक्रम तर संकेतस्थळांवर आधीच प्रसिद्ध झालेले असतात.

म्हणून माझी विनंती अशी आहे की या तिन्ही विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासमंडळांनी एकत्र बसून सत्रनिहाय समकक्षतेचा तक्ता तयार करावा आणि तो प्रवेश सुरू होण्याआधी, म्हणजे जूनपूर्वी, महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लावावा. विद्यार्थ्याला आपला कोणता भाग राहणार आहे हे प्रवेश घेतानाच कळले, तर तो तयारीला लागेल. प्रमाणित रेकॉर्ड बुक ग्राह्य धरायचे नसेल, तर एक छोटी प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन निर्णय द्यावा. राहिलेली प्रात्यक्षिके दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत करून घेण्याची सोय करावी, आणि जे शिक्षक ती करून घेतील त्यांच्या कार्यभारात ते तास धरले जावेत. तात्पुरता प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला पात्रतेचे पत्र येईपर्यंत बॅचमध्ये बसू देण्याची लेखी सूचना निघाली, तरी निम्मा प्रश्न सुटेल. त्यासाठी वेगळा निधी किंवा नवी इमारत लागणार नाही.

माझे हे वर्ष कसेबसे मार्गी लागले आहे. पण येत्या जूनमध्ये आमच्याच गावातली एक मुलगी लग्नानंतर सासरी, नदीपलीकडे, बी.एस्सी.चे दुसरे वर्ष करू पाहते आहे. तिच्या सासरची मंडळी शिकवायला तयार आहेत, आणि कोणकोणती प्रात्यक्षिके पुन्हा करावी लागतील हे ती मला विचारते आहे. तिला देण्यासाठी मला तो तक्ता हवा आहे.

आपली नम्र वाचक,
बी.एस्सी. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी
(नाव व पत्ता संपादकांना स्वतंत्रपणे कळवला आहे.)